आधी मागची पडवी

आमच्या बाई कोणाच्याही घरी गेल्या की ओटीवर बसत नसत. चपला काढायच्या, "घरात कोण आहे?" असं मोठ्याने विचारायचं, आणि उत्तराची वाट न बघता सरळ आत. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, करत करत मागच्या पडवीत. घरातली सून पदर सावरत मागून येतेय, "अहो बसा ना, चहा टाकते," म्हणतेय, आणि बाई आपल्या पुढे. "चहा नंतर. आधी मागची पडवी." हे त्यांचं ठरलेलं.

पहिल्यांदा मी त्यांच्याबरोबर गेले तेव्हा मला लाजेने कुठे बघू असं झालं. आपल्याकडे परक्या माणसाने असं चुलीपाशी घुसायची पद्धत नाही. परतीच्या वाटेवर मी म्हटलंसुद्धा, "बाई, लोक काय म्हणतील?" तर म्हणाल्या, "मावशी, ओटीवर काय असतं सांगा बघू? घड्याळ असतं, कॅलेंडर असतं, मुंबईच्या मुलाचा फोटो असतो. ज्याला दिसत नाही तो माणूस ओटीवर नसतोय. तो मागं असतोय, भाताच्या कणगीशेजारी."

आणि खरंच, दर तिसऱ्या-चौथ्या घरी असायचं कोणीतरी. गोधडीवर बसलेलं, भिंतीला पाठ लावून. घरच्यांनी टाकलेलं वगैरे काही नाही हो, वेळेवर जेवणखाण, औषधपाणी सगळं करायचे. पण "आता वय झालं, दिसत नाही," एवढं म्हणून विषय मिटलेला असायचा. बाईंचा मिटत नसे.

बाई डोळ्यांच्या डॉक्टर, आणि घाटावरच्या. रत्नागिरीत एका धर्मादाय दवाखान्यात दोन वर्षं राहते म्हणून आल्या आणि रिटायर होईपर्यंत राहिल्या. एवढी वर्षं काढून त्यांची भाषा काही बदलली नाही. "बसा की," "सांगा की," असं प्रत्येक वाक्याला 'की' लावायच्या, आणि बोलायच्या अशा की समोरच्याला वाटावं भांडायला आल्यात. मासे खात नव्हत्या. लोक प्रेमाने सुरमई आणून द्यायचे, त्या घ्यायच्या, दोन बोटांत धरून माझ्या पिशवीत टाकायच्या. बाईंचे पेशंट बरे व्हायचे आणि आमच्या घरी कालवण व्हायचं.

मी दवाखान्यात आया म्हणून लागले होते. लादी पुसायची, पेशंटना हाताला धरून आत न्यायचं. शिक्षण सातवी. एक दिवस बाईंनी मला बोलावलं आणि भिंतीवरचा तक्ता दाखवला. सगळा एकाच अक्षराने भरलेला, इंग्रजी 'ई', कुठे उजवीकडे तोंड, कुठे डावीकडे, कुठे वर, कुठे खाली.

"हे अक्षर येतंय का तुम्हाला?"

"नाही बाई."

"उत्तम. पेशंटलाही येत नाही. त्याला फक्त विचारायचं, याचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते हातानं दाखव. उद्यापासून तुम्ही तपासायचं."

झालं. लादी पुसायला दुसरी बाई आली आणि मी तपासनीस झाले. खेडोपाडी जायचं तर वीस फूट मोजायला टेप सापडायची नाही, म्हणून मी सुंभाची एक दोरी करून घेतली, दोन टोकांना दोन गाठी. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, एका टोकाला तक्ता, दुसऱ्या टोकाला माणूस. बाईंनी ती दोरी स्वतः दोनदा मोजून बघितली. माझ्यावर विश्वास होता, पण मोजल्याशिवाय नव्हता.

शिबिर या शब्दाची त्यांना चीड होती. एकदा एका पुढाऱ्याने गावच्या शाळेत नेत्रतपासणी शिबिर भरवलं. मांडव, माईक, आणि व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याच्या फोटोचा बॅनर. बाई आल्या, खोलीत बघितलं तर अंधार. म्हणाल्या, "बॅनर काढा. तक्त्यावर उजेड येत नाही." कार्यकर्ते एकमेकांकडे बघायला लागले. एक जण म्हणाला, "मॅडम, साहेब आत्ता पोचतायत."

"मग साहेबांनाच तपासते पहिलं. त्यांना तरी दिसतंय का बघू या अंधारात."

बॅनर निघाला. शेवटी सत्कार झाला, शाल आणि नारळ. बाईंनी शाल खुर्चीवर ठेवली आणि नारळ घेतला, कारण चटणीला लागतो. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "बघितलंत का, मावशी? सकाळपासून आलेले सगळे आपल्या पायांनी आले. शिबिराला येतो तो दिसतंय म्हणून येतो. ज्याला दिसत नाही त्याला शाळेची वाट कोण दाखवणार?" आणि ड्रायव्हरला गाडी वाडीत घ्यायला लावली. त्या दिवशी आम्ही मागच्या पडव्या बघत दिवेलागणीपर्यंत फिरलो.

आणि माणसं लपवतात, हेही मला बाईंमुळेच कळलं. पूर्णगडला एक म्हातारे चाचा होते. जन्मभर होडी चालवलेली, आता दारात बसून असायचे. आम्ही गेलो तर घरातले सगळे म्हणाले, आमच्या चाचांची नजर अजून तिशीतली आहे. समुद्रात दिसेल न दिसेल अशी होडी कोणाची ते दारातून सांगतात.

बाई त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या. लांबून एक होडी येत होती.

"चाचा, ती कोणाची?"

चाचांनी मान जराशी वाकडी केली आणि नाव सांगितलं. बरोबर होतं. दुसरी आली, तीही बरोबर. घरातले आमच्याकडे असे बघतात की झालं का समाधान? मीही दोरी गुंडाळायला घेतली.

"रंग कुठला हो तिचा?" बाईंनी विचारलं.

चाचा म्हणाले, "गेल्या साली हिरवा होता."

होडी निळी होती. चाचा इंजिनाच्या आवाजावरून ओळखत होते, आणि घरात कोणालाच ते माहीत नव्हतं. मुलगा बिचारा बापाच्या तोंडाकडे बघतच राहिला. "अब्बा, बोलला का नाहीत?" तर चाचा हसून म्हणाले, "तुम्ही तारीफ करत होतात. कशाला मोडू?" पुढच्या आठवड्यात त्यांचे दोन्ही डोळे बाईंनी ऑपरेशनच्या वेळापत्रकात बसवले, एकामागून एक.

आभार मानलेले बाईंना चालत नसत. कोणी पाया पडायला आलं की ओरडायच्या, "वाकू नका. डोळ्याला जोर येईल."

तर त्यांची एक वही होती. सगळ्या दवाखान्यांत आलेल्या पेशंटची नोंद असते. आमच्या वहीत न आलेल्यांची होती. गाव, वाडी, घर, नाव, आणि शेवटचा रकाना 'कधी येणार'. तो रकाना भरायचं काम माझं. आता कोकणातल्या माणसाला "कधी येता?" विचारलं तर काय सांगणार? लावणी झाल्यावर. गणपती झाल्यावर. मुंबईवाले आले की. मी लिहून घ्यायची. अक्षर बरं होतं माझं.

लांज्याच्या पुढे आत एका वाडीत एक आजी होत्या. त्यांच्या घरी आम्ही गेलो तेव्हा शिमगा तोंडावर आला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पिकत आलेला, डावा त्याच्या मागे. बाई म्हणाल्या, चला. आजी म्हणाल्या, "देवीची पालखी घरी यायचीय. ती येऊन जाऊ दे, मग येतंय." त्यात मला काही वावगं वाटलं नाही. शिमग्यात पालखी घरी येते तेव्हा घरची म्हातारी डोळ्याला पट्टी लावून रत्नागिरीत पडून राहील का? मी लिहिलं, 'शिमग्यानंतर'. पान उलटलं. शिमग्यानंतर काजूचा हंगाम, सून लांज्याला कारखान्यात काजू सोलायला जाणारी, मग पाऊस, मग गणपती. आमच्याकडेही डॉक्टर कमी, गाडी बिघडलेली, कारणांना काय कमी. त्या घरी परत पाय लागले ते तीन वर्षांनी, वैशाखात.

बाई नेहमीसारख्या आत गेल्या. आजी पडवीत डोकं घट्ट बांधून बसल्या होत्या. सून म्हणाली, चार दिवस झाले, डोकं दुखतंय, उलट्या होतायत, पित्त झालंय बहुतेक. बाईंनी दार लोटून घ्यायला लावलं आणि खिशातून विजेरी काढली. डावा डोळा हाताने झाकला, उजव्यावर उजेड टाकला.

"आजी, उजेड कुठनं येतोय?"

"कुठला उजेड?"

बाईंनी विजेरी वर नेली, खाली नेली, कानाशी नेली. आजी नुसत्या बसलेल्या. मग उजवा झाकून डाव्यावर उजेड टाकला. आजींचं बोट हळूहळू उठलं. "हिकडं." विजेरी फिरवली. "आता?" बोट फिरलं. "आता वर."

बाहेर येऊन बाईंनी आम्हाला सांगितलं, सुनेला आणि मला. उजवा गेला. त्यातली नस मेली, तो कोणी आणू शकत नाही. डावा अजून जिवंत आहे, पण मोतीबिंदू फुगलाय आणि डोळ्यात प्रेशर चढलंय. तेच डोक्यात दुखतंय, पित्त नव्हे. आज न्यायला हवं.

सून म्हणाली, "गणपतीला हे येतील मुंबईहून, तेव्हा..."

"गणपतीपर्यंत काय, पौर्णिमेपर्यंतसुद्धा डोळा टिकायचा नाही."

मग बाईंनी वही उघडली. तीन वर्षांपूर्वीचं पान काढलं. माझं अक्षर, 'शिमग्यानंतर'. मला वाटलं आता बोलणार. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं, पहिल्या पानापासून 'कधी येणार' या रकान्यावर उभी रेघ मारत गेल्या, आणि वही माझ्या हातात दिली. "चूक दोघींची आहे, मावशी. मीही पान उलटू दिलं. आता फोन लावा त्यांच्या मुलाला."

त्या वाडीत रेंज फक्त फणसाखाली. मुलगा मुंबईत कुठल्याशा गोदामात कामाला. वाईट नव्हता हो, घाबरलेला होता. स्पीकरवर बाईंना म्हणाला, "बाई, सुट्टी नाही मला. बायको एकटी. काही झालं तर जबाबदार कोण? मी आल्यावर बघू." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, "ऑपरेशनला देवीचापण कौल झाला नाही. डावा पडला."

ते ऐकून मी मनात म्हटलं, संपलं. आमच्याकडे देवीच्या पाषाणाला ओली फुलं चिकटवून गुरव विचारतो. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. एकदा डावा झाल्यावर माणसं लग्न मोडतात, घराचा पाया बुजवतात. बाई आता देवीवर काहीतरी बोलणार, वाडी फिरणार आणि आम्हाला रिकाम्या गाडीने जायला लागणार.

बाईंनी सुनेला विचारलं, "कौल कुणी लावला?"

"गुरवकाकांनी. यांनी मागेच फोन करून सांगितलं होतं."

"आजी होत्या तिथं?"

"त्या कशा असतील? त्यांना दिसत नाही ना, उतरायला होत नाही."

"म्हणजे मुलाला विचारलं. देवीला विचारलं. भावकीला?"

"विचारलं की."

"आजींना?"

सुनेने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. माझी त्या घरात दुसरी खेप होती, आणि या खेपेला मीही सगळं सुनेलाच विचारलं होतं.

बाई परत पडवीत गेल्या, आजींच्या पुढ्यात उकिडव्या बसल्या. "आजी, एक डोळा गेला. दुसरा मी वाचवायचा प्रयत्न करते. पूर्ण दिसेल असं सांगत नाही. काहीच केलं नाही तर हाही जाणार, हे नक्की सांगते. तुम्हाला काय करायचंय?"

"मला विचारतंस?"

"डोळा तुमचाच आहे की."

आजी हसल्या. डोकं फुटत असताना हसल्या. "पण देवीनं नाय म्हटलान ना गो."

"तुम्ही कुठं होता तिथं? दुसऱ्यांनी विचारलं, दुसऱ्यांना उत्तर मिळालं. देवी काय मुंबईला आहे? खाली तर आहे. चला, तुमचं तुम्ही बोला."

प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आजींना उतरवलं. पुढे दोन शेजारी, मागे सून आणि मी. बाई एका हाताने छत्री धरून आजींवर सावली करत, खाली रेंज आली तशी दुसऱ्या हाताने दवाखान्यात फोन, "आज दुपारची ओपीडी उशिरा. थांबतील ते थांबतील. थांबणार नाहीत त्यांची नावं लिहून ठेवा."

गुरव वयस्क, सरळ माणूस. देवळाच्या पायरीवरच आडवा आला. "बाई, झाला तो कौल झाला. परत लावायचा नाय. मी खोटं करणार नाय."

"लावा म्हटलं का मी?" बाई म्हणाल्या. "म्हातारीला देवीसमोर जाऊ दे. एवढंच."

याला तो नाही कसं म्हणणार? आजींना गाभाऱ्यासमोर बसवलं. गुरवाने विचारलं, "म्हातारे, काय सांगू देवीला?"

"तू नको सांगूस. मी सांगतंय." आणि आजींनी हात जोडले. मग शेजारणीशी बोलावं तसं बोलायला लागल्या. "आये, लग्न होऊन आलंय तवापासून दर शिमग्याला तुला नटलेली बघितलंय. आता पालखी खळ्यात येते नि मी नुसता ढोल ऐकतंय. तुझा मुखवटा कसा होता तोसुद्धा आठवत नाय धड. मी जातंय रत्नागिरीस. तुझ्या मनात नसल तर आल्यावर रागव. पण मला रागावताना दिस."

मी गुरवाकडे बघत होते. सगळं त्या माणसावर होतं. तो नाही म्हणाला असता तर खुर्ची उचलायला शेजारी पुढे झाले नसते. त्याने उपरणं नीट केलं, देवीकडे तोंड केलं आणि गाऱ्हाणं सुरू केलं. कौल नव्हे, गाऱ्हाणं. घरातलं कोणी परगावी निघालं की घालतात तसं. "आई, हे तुझं लेकरू शहरगावात जातंय. त्याला सुखान ने, सुखान परत आण."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे म्हणालो. बाईपण म्हणाल्या, घाटी सुरात, जरा मागाहून.

रत्नागिरीत पोचल्यावर डोळ्यातलं प्रेशर उतरवायला ती सगळी रात्र गेली आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. कागदावर अंगठा आजींचा, साक्षीला सून. बाई ऑपरेशन करताना एरवी बडबड करायच्या, पेशंटला शेतीभातीचं विचारायच्या. त्या दिवशी आतून एक अक्षर ऐकू आलं नाही. मी बाहेर बाकावर बसून होते. माझ्या अक्षराने एक डोळा घालवला होता, दुसरा आत टेबलावर होता.

सकाळी पट्टी काढली. बाईंनी हात पुढे धरला. "किती बोटं?"

आजींनी बराच वेळ लावला. डोळा मिचकावला, पाणी पुसलं. "तीन," म्हणाल्या. मग मान पुढे काढून, "नि तुझा चष्मा दोऱ्यानं बांधलेला हाय गो. डाक्टरीण ना तू?"

सगळं नाही आलं परत. कडेचं अंधुकच राहिलं, राहणारच होतं. बाईंनी ते आजींना तेव्हाच्या तेव्हा सांगितलं, लपवलं नाही. "तीन वर्षांपूर्वी मी तुम्हाला गाडीत घातलं असतं तर दोन्ही डोळे असते. ते माझ्या खात्यावर." आजी म्हणाल्या, "तवा मी आलंच नसतं. पालखी होती."

एवढ्यात मुलाचा फोन. त्याला वाडीतून कोणीतरी कळवलं होतं. आवाज इतका चढलेला की मला लांबून ऐकू येत होता. "कोणाला विचारून केलंत तुम्ही?"

"जिचा डोळा तिला," बाई म्हणाल्या आणि फोन आजींच्या कानाला लावला.

आजींनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "झाला तुझा बोलून? आता ऐक. सून सांगते, तुझे केस पिकले. मी अजून काळेच धरून बसलंय. गणपतीला येशील ना, तेव्हा बघीन खरं का खोटं."

पलीकडचा आवाज आता इतका उतरला की मला ऐकू येईना. आजींनी फोन कानाशी तसाच धरून ठेवला. बाहेर रांग लागली होती, कंपाउंडर दोनदा डोकावून गेला. बाई थेंबांची बाटली हातात घेऊन कॉटपाशी उभ्या होत्या. आटपा म्हणाल्या नाहीत.